आधी चांदोबा, मग पाव्हणं

भोंगवलीचा गेनू चंद्रावर जळत होता. हे वाचून कुणाला वाटेल की गेनूचं डोकं फिरलं असावं, तर तसं काही नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांचा चांगला हिंडता-फिरता माणूस, दारात दोन म्हशी, विहिरीला पाणी, गावात चार लोक ‘नाना’ म्हणून मान देणारे. पण संध्याकाळी ओट्यावर बसलेला असताना चंद्र दिसला की गेनू उठून आत जायचा. पौर्णिमेला तर तो खिडकीकडे पाठ करून जेवायचा. रत्नाने, म्हणजे त्याच्या बायकोने, एकदा विचारलं की हे काय नवीन खूळ, तर म्हणाला, डोळ्याला उजेड सोसत नाही. रत्नाने पुढे काही विचारलं नाही, कारण तिला सगळं ठाऊक होतं.

झालं होतं ते मागच्या भाऊबीजेला, विंझरला.

विंझरला गेनूची थोरली बहीण धोंडाबाई दिलेली. गेनूपेक्षा पाच वर्षांनी मोठी. गेनू तिला आक्का म्हणायचा. आईबाप जाऊन बरीच वर्षं झाली होती, दुसरं भावंड नव्हतं, म्हणजे एकमेकांना हे दोघंच. दर भाऊबीजेला गेनू विंझरला जायचा आणि दर भाऊबीजेला उशिरा पोचायचा. उशीर म्हणजे पाच-दहा मिनिटं नव्हे. जेवायला बोलावलेला माणूस दिवेलागण उलटून गेल्यावर उगवायचा. एका वर्षी म्हैस सुटली. एका वर्षी मोटरसायकलचं चाक पंक्चर झालं. एका वर्षी कुणाच्या तरी बोअरला पाणी लागलं का बघायला थांबला, आणि ते लागलं नाही म्हणून आणखी थांबला. इकडे धोंडाबाई भावाला ओवाळल्याशिवाय पाण्याखेरीज काही घ्यायची नाही. सकाळपासून उपाशी. गेनू आला की ती काही न बोलता पाट मांडायची, ओवाळायची, आणि मग दोघं जेवायची. गेनूला वाटायचं, आक्काला चालतंय. माणूस एकदा का गप्प बसला की आपण त्याला चालतंयच असं धरून बसतो, आणि गेनू तर या बाबतीत फारच पुढे होता.

मागच्या वर्षी तो नसरापूरला एक बैल बघायला थांबला. घ्यायचा नव्हता, फक्त बघायचा होता. बैलाचे दात बघितले, शिंगं बघितली, मालकाबरोबर दोन चहा झाले, आणि विंझरला पोचला तोवर आठ वाजले होते. धोंडाबाईचं ताट घासून पालथं पडलं होतं. पाट भिंतीला उभा केलेला होता.

“माझा भाऊ येऊन गेला,” ती म्हणाली.

गेनूने इकडेतिकडे बघितलं. दुसरा कोण भाऊ? तर धोंडाबाईने हात वर केला आणि तोरण्याच्या डोंगराकडे बोट दाखवलं. ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, ही आपल्याकडची जुनी रीत. धोंडाबाईने ती त्या संध्याकाळी लागू केली होती. चांदोबा वेळेवर आला, ओवाळून घेतलं, आणि काही न बोलता डोंगराआड गेला. मग ती जेवली होती. वीस वर्षांत पहिल्यांदा भाऊबीजेला वेळेवर जेवली होती.

हे सगळं गेनूने हसून घालवलं असतं. पण मग धोंडाबाई म्हणाली, “पाव्हणं, हात धुवा, वाढते.”

पाव्हणं! धोंडाबाई गेनूला जन्मापासून ‘गेन्या’ म्हणत आलेली. त्याला गावात सगळे नाना म्हणायचे, रत्ना ‘अवो’ म्हणायची, सोसायटीच्या कागदावर पूर्ण नाव यायचं. गेन्या म्हणणारं आता जगात एकच तोंड उरलं होतं, आणि त्या तोंडाने त्याला पाव्हणं म्हटलं. त्या रात्री त्याला तीन पोळ्या गेल्या, एरवी सात जायच्या.

पुढे वर्षभर हेच चाललं. फोन केला की, “बोला पाव्हणं, बरं हाय का?” रत्नाची चौकशी, म्हशींची चौकशी, सगळं व्यवस्थित, आणि प्रत्येक वाक्यात पाव्हणं. वर चांदोबाचं कौतुक. “काल आमचा चांदोबा आला व्हता. लई झ्याक दिसत व्हता.” गेनूने चिडून एकदा विचारलं की अमावस्येला कुठं जातो तुझा चांदोबा, तर धोंडाबाई म्हणाली, आधी सांगून जातो.

गेनूने तेव्हाच ठरवलं की येत्या भाऊबीजेला चंद्राच्या आधी पोचायचं. नुसतं आधी नाही, इतकं आधी की चंद्राला लाज वाटली पाहिजे.

भाऊबीजेला गेनू पहाटे उठला. रत्नाला आधी वाटलं म्हैस व्यायली. तिने बघितलं तर नवरा आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून मोटरसायकल पुसत होता. आक्कासाठी घेतलेली साडी पिशवीत घालून हँडलला अडकवलेली. रत्नाचा भाऊ मधू, भोरला कचेरीत कारकून, दर वर्षी बरोबर दहाला भोंगवलीत हजर व्हायचा, अकराला जेवायचा, आणि मग संध्याकाळी ओवाळून घेऊन जायचा. “मधू येईस्तोवर तरी थांबा,” रत्ना म्हणाली. गेनू म्हणाला, मधूला सांग, यंदा मला वेळ नाही. हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं होतं.

वाटेत तो कुठेही थांबला नाही. नसरापूरला तोच बैल रस्त्याच्या कडेला बांधलेला दिसला, आणि मालकाने हात केला, पण गेनूने मान वळवून दुसरीकडे बघितलं. विंझरमध्ये पोचला तेव्हा साडेसात वाजले होते. धोंडाबाई अंगण झाडत होती. भावाला बघून तिच्या हातातला झाडू तिथेच थांबला.

“कोण गेलं?” तिने विचारलं.

“कोण न्हाई गेलं. भाऊबीज हाय.”

“इतक्या सकाळी?”

“लवकर आलो.”

धोंडाबाईने त्याच्याकडे नीट बघितलं. मग चंद्र कुठे आहे का ते बघितलं. मग झाडू पुन्हा हातात घेतला आणि म्हणाली, “बसा पाव्हणं. च्या टाकते.”

गेनूने चहाला नको म्हटलं. आधी ओवाळ म्हणाला. तेव्हा धोंडाबाईने त्याला शांतपणे समजावलं की असं होत नसतं. गेल्या वर्षीपासून चांदोबा तिचा भाऊ झाला होता, आणि तो वयाने सगळ्यांत थोरला. थोरल्याला सोडून धाकट्याला आधी ओवाळलं तर लोक काय म्हणतील. संध्याकाळी चांदोबा आला की आधी त्याला, मग वेळ उरला तर पाव्हण्याला.

“म्हंजी मी रांगेत?” गेनूने विचारलं.

“रांगंतच की. मी बी बसले न्हवं का वीस वर्सं.”

गेनूने पिशवीतली साडी बाहेर काढली. जांभळ्या रंगाची, जरीच्या काठाची, रत्नाने दुकानदाराला दमवून निवडलेली. “ही बघ. चांदोबा साडी आणतो का?” धोंडाबाईने साडीवरून हात फिरवला, काठ बघितला, छान आहे म्हणाली, आणि परत पिशवीत घातली. “साडी न्हाई आणत,” ती म्हणाली, “पर म्हशीच्या सबबी बी सांगत न्हाई.”

मग तिने त्याला जेवायचं विचारलं. ती स्वतः संध्याकाळपर्यंत काही घेणार नव्हती, तिचा नेम होता. पण पाव्हण्याला उपाशी ठेवणं बरं नव्हे. पाव्हण्याने पोटभर जेवावं, नंतर ज्ञानूदाजींच्या खाटेवर पडावं. ज्ञानूदाजी म्हणजे धोंडाबाईचे यजमान. ते सकाळीच आपल्या बहिणीकडे वेल्ह्याला गेले होते, मुलगा आणि सून सुनेच्या माहेरी भाटघरला. घरात आक्का, गेनू आणि चुलीवर रटरटणारं गुळवणी.

गेनूच्या पोटात पहाटेपासून काही नव्हतं. आतून पुरणाचा वास येत होता. पण हा डाव त्याच्या लक्षात आला. आता पाटावर न बसता जेवला, की तो पाव्हणा म्हणून जेवला. मग वर्षभर पाव्हणा, आणि पुढची सगळी वर्षंही. “मी भाऊ म्हणून आलोय,” तो म्हणाला. “ओवाळल्याबिगर घास घेणार न्हाई.”

“बघा बरं,” धोंडाबाई म्हणाली. “लई लांब हाय संध्याकाळ.”

संध्याकाळ किती लांब असते हे गेनूला तोवर माहीत नव्हतं. ती नेहमी त्याला रस्त्यातच गाठायची. दहा वाजेपर्यंत त्याने गोठा झाडला. अकरापर्यंत गवताच्या पेंढ्या रचल्या, ज्या आधीच रचलेल्या होत्या. बारा वाजता त्याने हौदावरचं शेवाळ खरवडून काढलं. एक वाजता करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा तो ओट्यावर बसून रस्त्याकडे बघू लागला, आणि बघता बघता त्याच्या ध्यानात आलं की इथून फाट्यापर्यंतचा रस्ता सगळा दिसतो. येणारी प्रत्येक मोटरसायकल दिसते. आपली आहे असं वाटतं, मग जवळ आली की दुसऱ्याचीच असते. गेनूला जरा कसंतरी झालं. त्याने जागा बदलली.

दोन वाजता भुकेने त्याचा ताबा घेतला. धोंडाबाई मागच्या दारी भांडी घासत होती. माजघरात फराळाचे डबे ओळीने मांडलेले. गेनू पाय न वाजवता आत गेला. चकलीचा डबा उघडला आणि लगेच लावला, कारण चकली खाल्ली की अख्ख्या आळीला ऐकू जाते. त्याने बिनआवाजाचा पदार्थ शोधला. रव्याचा लाडू. गोल, पांढरा, वर बेदाणा. लाडू त्याने तोंडापर्यंत नेला. तोंड उघडलं. आणि तसाच उभा राहिला.

आक्का मागे उपाशी भांडी घासत होती. वीस वर्षं ती याच डब्यांच्या शेजारी बसली होती, आणि तिने लाडू खाल्ला नव्हता. तिला कोण बघणार होतं? खाल्ला असता तर गेनूला कधी कळलंही नसतं. गेनूला स्वतःची मनापासून लाज वाटली. तेवढ्यात दारात चपला वाजल्या, आणि त्याने घाबरून लाडू सदऱ्याच्या खिशात टाकला, तंबाखूच्या पुडीशेजारी.

आलेले ज्ञानूदाजी होते. कपाळाला कुंकू, अंगात नवा सदरा, पोट गच्च. अंगणातल्या खाटेवर टेकत त्यांनी एक मोठी ढेकर दिली. मग बहिणीने काय काय वाढलं ते सांगायला सुरुवात केली. श्रीखंड होतं. बटाट्याची भाजी होती. भजी दोन प्रकारची होती. गेनू ऐकत राहिला. एवढं ऐकवून त्यांनी चिवडा मागितला, का तर तोंडाला चव नाही. गेनूने त्यांच्यासमोर बसून त्यांचा चिवडा संपलेला बघितला. हा दिवस तो जन्मात विसरणार नव्हता.

साडेपाच वाजले तसा गेनूच्या जीवात जीव आला. आता सूर्य मावळला की चंद्र. बीजेचा चंद्र तसा थोडाच वेळ थांबतो, आणि विंझरला तर तोरण्याची रांग आडवी येत असल्याने आणखी थोडा. धोंडाबाईने जुनीच साडी नेसली, ताट केलं. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी. अंगणात पाट मांडला, त्याभोवती रांगोळी काढली. गेनू पाटाकडे बघत होता, आणि पाट रिकामाच होता.

आणि आभाळ भरून आलं होतं. दुपारपर्यंत निवळ असलेलं आभाळ पश्चिमेकडून गच्च झालं. तोरणा दिसेना. चंद्र तर दूरच राहिला.

सहा वाजले. सव्वासहा वाजले. धोंडाबाई ताट घेऊन उभी. वाऱ्याने निरांजन विझू नये म्हणून पदराचा आडोसा धरलेला.

“कुठं हाय तुझा चांदोबा?” गेनूने विचारलं. दिवसभरात पहिल्यांदा त्याला बरं वाटत होतं. “लई वेळेवर येतो ना?”

“यील. वाटंत ढग लागला आसंल.”

“ढग लागला म्हंजी? साडेसातला सकाळी यायला काय झालं व्हतं?”

“आसंल काय तरी अडचण. उगा कुणी उशीर करत न्हाई.”

खाटेवरून ज्ञानूदाजी हसले. “गेनू, हे माझं पाठ हाय,” ते म्हणाले. “दर वर्सी तुझ्यासाठी हेच म्हणायची. मी म्हणायचो, आगं जेवून घे, तो काय येत न्हाई. तर म्हणायची, यील, वाटंत चाक बसलं आसंल, उगा उशीर करणारा न्हाई माझा गेन्या.”

गेनूचं हसू तिथेच विरलं. चंद्राला आणखी काय काय बोलायचं ते त्याने मनात जुळवून ठेवलं होतं, सगळं परत गिळलं. तो उठला आणि म्हणाला, थांब आक्का, मी काहीतरी करतो.

विंझरला धोंडाबाईच्या घरात मोबाईलला रेंज एकाच ठिकाणी होती, हौदाच्या कठड्यावर उभं राहिलं की. गेनू कठड्यावर चढला आणि रत्नाला फोन लावला. भोंगवलीत आभाळ कसं आहे? रत्ना म्हणाली, इकडे लख्ख. चंद्र कधीचा आलाय, तिने ओवाळलासुद्धा, आता मधू ओवाळून घेऊन करंजी खातोय.

“मग दाव,” गेनू म्हणाला. “व्हिडीओ लाव आणि चंद्र दाव. आक्का हितनं ओवाळती.”

धोंडाबाईला हे पटेना. तो भोंगवलीचा चंद्र झाला, आपला विंझरचा, असं तिचं म्हणणं. गेनूने कठड्यावरून तिला सांगितलं की चंद्र एकच असतो, सगळीकडे तोच जातो. हे बोलताना त्याच्या तोंडून चंद्राची बाजू घेतली गेली, पण आता इलाज नव्हता. दाजींनीही मान डोलावली. शेवटी धोंडाबाई ताट घेऊन हौदाशी आली.

गेनूने वाकून मोबाईल खाली धरला. पडद्यावर काळं आभाळ, आणि मधोमध एक पांढरा ठिपका. “हा बल्ब हाय,” धोंडाबाई म्हणाली. रत्नाने पलीकडून शपथ घेऊन सांगितलं की बल्ब घरात आहे, हा बाहेरचा. मग धोंडाबाईने बोटाने काचेवर, ठिपक्याच्या जरा वर, कुंकू लावलं. अक्षता टाकल्या, त्यातल्या दोन काचेला चिकटल्या. आणि डोळे मिटून ताट ओवाळू लागली. ओवाळताना ती नेहमी डोळे मिटायची, तेवढ्या वेळात भावासाठी मागायचं ते मागून घ्यायची.

इकडे भोंगवलीत मधूला राहवलं नाही. कचेरीत संगणकावर बसणारा माणूस. बहिणीला फोन नीट धरता येत नाही असं त्याला दिसलं. “दे इकडं, मी मोठा करून दाखवतो,” म्हणून त्याने फोन घेतला आणि कुठेतरी बोट लावलं. विंझरच्या पडद्यावरचा चंद्र गेला आणि त्याच्या जागी मधू आला. सगळा पडदाभर मधू. तोंडात अर्धी करंजी, गाल फुगलेला, आणि चंद्राचं कुंकू बरोबर त्याच्या नाकाच्या शेंड्यावर.

गेनूला वरून फोनची पाठ दिसत होती. धोंडाबाईचे डोळे मिटलेले. खाटेवरच्या दाजींना तेवढं दिसलं, पण त्यांना वाटलं, हल्ली असंच करत असतील. तीन फेरे पूर्ण झाले. धोंडाबाईने डोळे उघडले.

“ह्यो कोण?”

मधूने करंजी गिळली. “मी मधू. रत्नाताईचा भाऊ. नमस्कार ताई.” आणि मग, भल्या घरचा असल्यामुळे, पुढे म्हणाला, “मला दुसरी बहीण नव्हती. फार बरं वाटलं.”

आता काय करणार? धोंडाबाईने क्षणभर विचार केला. ताट फिरलं ते फिरलं, ते काही उलटं फिरवता येत नाही. “बरं झालं,” ती म्हणाली. “पुढल्या वर्सी या. वेळंवर येता म्हणं तुमी.”

फोन बंद झाला. गेनू कठड्यावर उभाच होता. सकाळी साडेसातला आलेला माणूस. दुपारपर्यंत त्याच्यापुढे एकटा चंद्र होता, आता चंद्राच्या पुढे मधू. करंजी खाता खाता, भोंगवलीत बसल्या बसल्या मधू आक्काचा भाऊ झाला होता. गेनू खाली उतरला, अंगणाच्या कडेला गेला आणि दगडावर बसला.

“आक्का,” तो म्हणाला, “मधूला ओवाळ. चंद्राला ओवाळ. गावातल्या बाकीच्यांना बी ओवाळ, माझं काय म्हणणं न्हाई. म्या लई वर्सं तुला उपाशी ठिवलं. आज एक दिवस बसलो तर जीव निघायची येळ आली. मला शेवटी ओवाळ, न्हाईतर ओवाळू नको. पर पाव्हणं म्हणू नको. दुसरं कोण हाय मला गेन्या म्हणायला?”

निरांजनातलं तूप संपत आलं होतं, ते घालायला धोंडाबाई आत गेली. दाजी पण उठून तिच्या मागे गेले, त्यांना अशा वेळी बसवत नसे.

गेनू एकटा दगडावर. त्याने सहज वर बघितलं. तोरण्याच्या अंगाला ढग फाटला होता, आणि त्या फटीत, कापलेल्या नखाएवढी, चंद्राची कोर होती. डोंगराला टेकायला आलेली. अजून पाच-दहा मिनिटं, मग गेलीच.

इथे गेनू काय करेल, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. आक्का तूप घालून येईतो कोर डोंगराआड. चंद्र आलाच नाही म्हणायचं. मधूचं काय, तो चुकून झालेला. मग पाटावर बसायला एकटा गेनू. वर्षभर ज्याच्यावर जळला तो शत्रू समोर बुडत होता आणि ते दुसऱ्या कुणाला दिसत नव्हतं. गेनूने कोरीकडे बघितलं. घराच्या दाराकडे बघितलं. रिकाम्या पाटाकडे बघितलं. दिवसभर उपाशी राहून ताट धरून उभी असलेली आक्का त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

“आक्का,” त्याने हाक मारली, “लवकर ये. तुझा भाऊ आलाय.”

धोंडाबाई लगेच बाहेर आली. इतकी लगेच, की जणू दाराआडच उभी होती. तिने तोरण्याकडे तोंड करून ताट ओवाळलं, डोळे मिटले, उघडले, आणि चांदोबाला म्हणाली की जा आता, लई लांब जायचंय तुला. कोर डोंगराआड गेली. गेनूने पहिल्यांदा चंद्राला मनापासून हात जोडले, कारण तो गेला होता.

“मला सैपाकघराच्या खिडकीतनं मगाशीच दिसला व्हता,” धोंडाबाई म्हणाली.

“मग आली का न्हाईस?”

“तू सांगतोस का, ते बघत व्हते.”

धोंडाबाईने पाटावर उडालेली रांगोळी पदराने झटकली, पाट थोडा सरळ केला.

“गेन्या,” ती म्हणाली, “बस.”

गेनू बसला. डोळ्यात पाणी आलं, ते त्याने निरांजनाच्या धुरावर ढकललं. धूर दुसऱ्या बाजूला जात होता. कुंकू कपाळावर लागलं, अक्षता डोक्यावर पडल्या, सुपारी आणि अंगठी तोंडाभोवती फिरली. आक्काने डोळे मिटून काय मागितलं ते तिलाच माहीत, पण मागायला बराच वेळ लागला. ओवाळून झाल्यावर गेनू तिच्या पाया पडायला वाकला, आणि त्याच्या खिशातून लाडू निसटून पाटावर पडला. चेपलेला, एका बाजूने फुटलेला, बेदाणा गेलेला.

धोंडाबाईने तो उचलला. फिरवून बघितला. कुठेही दात लागलेला नव्हता.

“ह्यो कुणासाठी?”

“चांदोबासाठी ठिवला व्हता,” गेनू म्हणाला.

धोंडाबाई हसली, दिवसभरात पहिल्यांदा, अगदी खांदे हलेपर्यंत. तिने लाडूचे दोन तुकडे केले, एक गेनूच्या तोंडात घातला आणि एक आपल्या. लाडवाला तंबाखूचा सणसणीत वास येत होता, तरी दोघांनी तो शेवटच्या कणापर्यंत संपवला आणि मग जेवायला आत गेले.